पत्र्याचं थेटर: दारातून जावं की भगदाडातून?

लातूर जिल्ह्यातल्या एका गावाने आपलं जुनं नाट्यगृह पुन्हा बांधायला काढलं, तेव्हा समितीच्या लक्षात आलं की तिकिटाची खिडकी कुठे होती हे समितीतल्या एकालाही सांगता येत नाही. सगळे सत्तरीच्या आसपासचे, सगळे त्या थेटरात वाढलेले. पण तिकीट कुणीच कधी काढलं नव्हतं. सगळे मागच्या भिंतीतल्या भगदाडातून आत जायचे. शेवटी त्यांनी नांदेडला माझ्या सुमनआत्याला फोन लावला. खिडकीतून तिकीट घेतलेलं, आणि अजून फोन उचलू शकेल असं, त्यांना आठवणारं ते एकच माणूस होतं. शिवाय ती थेटराच्या गेटकीपरची मुलगी.

हे सगळं आत्याने मला अजिबात न हसता सांगितलं. त्यांनी खिडकीची जागा विचारून घेतली होती आणि उद्घाटनाला सत्कार करतो, या, असं बोलावलं होतं. "एकटी जात न्हाई मी. तू येतीस का?" तिने विचारलं. मी पुण्यात इमारतींच्या लोखंडी सांगाड्यांची गणितं करते. पत्र्याची शेड पाहायला रजा टाकणं म्हणजे हलवायाने सुट्टीत जिलेबी खायला जाण्यासारखं. तरी मी हो म्हटलं, कारण आत्या कुणाला सहसा सोबत मागत नाही.

पुण्याहून नांदेडला रेल्वे सोयीची. आरक्षण वेळेत करा. शनिवार-रविवार धरून निम्मा मराठवाडा त्याच गाडीने घरी जातो. स्टेशनावरून रिक्षा मिळतात, भाव आधी ठरवावा. मी सकाळी पोचले तेव्हा आत्याने सुशीला केली होती. ज्यांनी हा पदार्थ ऐकला नाही त्यांच्यासाठी: मुरमुरे भिजवून पिळायचे आणि कांदा-मिरचीच्या फोडणीत फुटाण्याच्या डाळीचा कूट घालून परतायचे. पोह्यांपेक्षा हलकं आणि, माझ्या मते, पोह्यांपेक्षा प्रामाणिक. संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर गेलो. जानेवारीत नदी शांत असते आणि घाटावर बसायला जागा मिळते.

तिथे आत्याने मूळ मुद्दा काढला. ती सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाली. सुई टोचताना आणि मत देताना तिचा हात हलत नाही. त्यामुळे ती बोलायच्या आधी दोनदा थांबली, हे मला वेगळं वाटलं.

आजोबांना मी पाहिलेलं नाही. गावात त्यांची ओळख एकच: आंधळा दौलत. दौलत गेटवाला पुढच्या दारावर बॅटरी घेऊन उभा आणि मागून अर्धं गाव आत, ही गावाची लाडकी गोष्ट. लग्नात, बारशात, एसटी स्टँडवर, आत्याला ती आयुष्यभर ऐकवली गेली. सांगणाऱ्याला प्रत्येक वेळी वाटायचं की आपण पहिल्यांदाच सांगतोय.

"माझा बाप अडाणी होता, आंधळा नव्हता," आत्या म्हणाली. "त्या गावात एकानं जरी म्हटलं की दौलतनं आपलं काम नीट केलं, तर माझं जाणं झालं. नुसती शाल कशाला पाहिजे मला? थंडीच्या शाली घरात पडल्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एसटीने निघालो. नांदेड-लातूर रस्ता लोहा, अहमदपूर, चाकूर असा जातो आणि बराचसा चांगला आहे. बायकांना एसटीत अर्धं तिकीट असतं, त्यामुळे गाडीत बायका खिडकीला आणि नवरे दांड्याला धरून, असं रास्त चित्र होतं. आत्या आपलं तिकीट प्रवास संपेपर्यंत मुठीत धरते. मी माझं बॅगेत टाकलं तर तिने काढायला लावलं. लहानपणापासूनची सवय, म्हणाली. आजोबा तिला थेटरात फुकट सोडत नसत. स्वतःच्या पगारातले पैसे खिडकीत टाकायचे, तिच्या हातात तिकीट द्यायचे आणि दारात ते फाडून तिला आत घ्यायचे. घरचं माणूस म्हणून सूट नाही.

अष्टामोडला उतरून चहा घ्या, दहा रुपयांत कपभर आणि वर अर्धा. तिथून नळेगावमार्गे शिरूर अनंतपाळला जायला जीप मिळते. जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली हे ड्रायव्हर ठरवतो. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या, खळ्यावर तुरीचे ढीग. शिरूरच्या पुढचं गाव, पण नाव लिहीत नाही. समितीतल्या सगळ्यांचे नातू मोबाइलवर असतात.

जीपमध्ये एका बाईंनी आम्हाला विचारलं, थेटराला चाललाव का? हो म्हटल्यावर त्यांनी सल्ला दिला: "भगदाड बघा. दाराचं काय, दार सगळीकडंच असतंय."

गावात व्यंकटकाका घ्यायला आले होते. समितीचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. आमचा मुक्काम त्यांच्याच घरी होता. गावात लॉज नाही; तुम्ही जाणार असाल तर शिरूर किंवा लातूरला राहा. काकांनी सामानसुद्धा घरी टाकू न देता आम्हाला आधी थेटर दाखवायला नेलं आणि वाटेत इतिहास सांगितला.

थेटर बांधलं ते निजामाच्या काळात, एका जिनिंगवाल्या शेठने. कापसाची गोदामं बांधून उरलेला पत्रा होता आणि शेठना नाटकाचं वेड होतं. पुढची भिंत दगडाची, बाकी तीन बाजू आणि छप्पर पत्र्याचं. गाव त्याला नुसतं 'पत्रा' म्हणायचं. आज पत्र्यावर खेळ आहे, म्हणायचं. नाटक कंपन्या रेल्वेने उदगीरपर्यंत यायच्या आणि तिथून पडदे, पेट्या आणि राजे-राण्या बैलगाडीतून. आजूबाजूच्या गावांत देवळापुढे पाल ठोकून खेळ व्हायचे; इथे पक्का मंच होता, म्हणून पंचक्रोशीत पत्र्याचं नाव. पुढे टीव्ही आला, कंपन्या यायच्या बंद झाल्या, थेटर तुरीचं गोदाम झालं. किल्लारीच्या भूकंपात दगडी भिंतीला भेग गेली आणि ती उतरवावी लागली. तिच्याबरोबर दार गेलं, खिडकी गेली. फोटो कुणी काढलेला नव्हता.

नवं थेटर विटांचं आहे, वर छप्पर पेलायला लोखंडी कैच्या, छप्पर मात्र आग्रहाने पत्र्याचं. मंचाचा जुना दगडी चौथरा तसाच ठेवलाय. मी कैच्यांचे जोड पाहिले, दोन्ही बाजूंची दारं बाहेर उघडतात हे पाहिलं, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे तक्रारीची जागा शोधली. ती तिकिटाच्या खिडकीत सापडली. खिडकी जमिनीपासून इतकी उंच होती की तिकीट काढायला उंटावरूनच यावं लागलं असतं. काका म्हणाले, सुमनताईंनीच फोनवर सांगितलं, माझ्या डोक्याच्या वर होती. आत्याने खिडकीकडे वर पाहिलं आणि म्हणाली, "गुरुजी, मी तेव्हा दुसरीत होते."

काकांनी हात वर करून खिडकीपर्यंतचं अंतर मोजलं. मग म्हणाले, स्टूल ठेवू.

भगदाड मागच्या भिंतीत आहे. जुनं थेटर पाडलं तेव्हा तेवढा पत्रा कुणीतरी आपल्या गोठ्याला लावला होता. समितीने तो चौकट आणि नट-बोल्टांसकट परत आणला आणि नव्या भिंतीत कोनाडा करून बसवला. रंग न देता, गंजासकट. वरची कड पक्की, खालची मोकळी. ढकललं की पत्रा आत उघडतो आणि एक माणूस रांगत जाऊ शकतो. शेजारी संगमरवरी पाटी लावली आहे. दारावर पाटी नाही.

"ह्या पत्र्याला आमी पहारीनं वाकवलाय," काकांनी सांगितलं, शाळेत बक्षीस घेताना उभे राहतात तसे उभे राहून. "एका रातीत, चड्ड्या फाटस्तोवर. आन दौलतला शेवटपर्यंत न्हाई कळलं." मग आत्या शेजारी आहे हे आठवून त्यांनी जोडलं, माणूस देवमाणूस होता, फक्त दिसायचं कमी. उद्या फीत कापायची नाही, हेही त्यांनी सांगितलं. समितीचे सगळे सभासद बँडच्या तालावर भगदाडातून रांगत आत येणार होते. त्यांतल्या दोघांचे गुडघे बदललेले आहेत.

संध्याकाळी तालीम होती. नाटकाआधी एक छोटं प्रहसन ठेवलं होतं: आंधळ्या दौलतचं. गावातला बँकेत काम करणारा एक माणूस डोळ्यावर पट्टी बांधून, हातात बॅटरी घेऊन मंचावर फिरत होता. बॅटरीचा झोत नेहमी चुकीच्या बाजूला. मागून पोरं रांगत जातात, हा खांबाला विचारतो, तिकीट? तो चांगलं करत होता, हीच अडचण होती. बसलेले सगळे हसत होते. मी आत्याकडे पाहिलं नाही. तिने चष्मा काढून पुसला आणि परत घातला, आणि परत पुसला.

रात्रीच्या जेवणाला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि काकूंच्या हातचा ठेचा. येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ. तयार विकत मिळतं, लातूरहून नक्की घ्या. जेवताना काकांनी जुनी नाटकं सांगितली. सांगायची पद्धत अशी, की राजाने तलवार उपसली आहे, राणी बेशुद्ध आहे आणि प्रधान हसतो आहे. मी विचारलं, राणी बेशुद्ध का? काका म्हणाले, ते आधीचं. दुसऱ्या नाटकात नायिका विधवा होऊनच अवतरली. तिसऱ्यात खून झालेला होता. मी दर वेळी सुरुवात विचारत होते आणि काका दर वेळी भाजी वाढा म्हणत होते. काकू शेवटी म्हणाल्या, यांना कुठल्याच नाटकाची सुरुवात येत नाही, समितीत कुणालाच येत नाही, आमच्या लग्नापासून मी ऐकतेय.

मला ते विनोद म्हणून आवडलं. त्या वेळी एवढंच.

सकाळी मी एकटीच थेटरात गेले. पत्रा मला नीट पाहायचा होता. पहारीने वाकवलेल्या पत्र्याला एक घडी पडते आणि बोल्टची भोकं फाटून लांबट होतात. हे लपत नाही, कितीही वर्षं जाऊ देत. या पत्र्याला घडी नव्हती. खालच्या कडेची चारही भोकं गोल होती.

मग बोल्ट पाहिले. पत्र्याच्या शेडमध्ये नट बाहेरून असतात. आतल्या लोखंडाला हुक अडकवायचा आणि बाहेरून नट आवळायचा, ही साधी पद्धत. वरच्या कडेला तसंच होतं. खालचे चार वेगळे होते. गोल, गुळगुळीत डोकं बाहेर आणि नट आत. बाहेरून त्यांना पकडायला काहीच नाही. पाना लागत नाही, पेचकस लागत नाही. पत्रा बसवणाऱ्या मिस्त्रींनी ते भोकांतून नुसते अडकवून ठेवले होते, आणि नट आतल्या बाजूला फळीवर वाटीत. मी एक बोल्ट काढून उजेडात धरला. आटे झिजून चकाकत होते. एकदा लावून विसरलेल्या बोल्टचे आटे असे झिजत नाहीत. रोज काढ-घाल केली तर झिजतात.

गावाने हा पत्रा इतकी वर्षं पाहिला तो फक्त बाहेरून. आत आल्यावर अंधार असायचा आणि सगळ्यांची नजर मंचाकडे.

मी आत्याला बोलावून दाखवलं. हा पत्रा कुणी वाकवलेला नाही. तो आतून कुणीतरी सोडायचं आणि खेळ संपल्यावर परत आवळायचं. आणि आत चाव्या-पाने बाळगणारा माणूस एकच होता. एवढंच सांगितलं. तिने बोल्ट हातात घेतला, अंगठ्याने आटे चाचपले. मला वाटलं ती रडेल. माझी तयारी होती, रुमाल होता.

"म्हणजे मला तिकीट," ती म्हणाली, "आन या टोणग्यांना फुकट?"

रुमाल मी परत ठेवला.

राग ओसरल्यावर तिला दुसरी काळजी लागली, आणि ती खरी होती. हे आता सांगितलं तर गाव म्हणेल, दौलत आंधळा नव्हता, लबाड होता. शेठच्या थेटरात शेठचंच नुकसान करत होता. आंधळा म्हणून घेतलेलं तिने कसंबसं सोसलं होतं. चोर ऐकणार नव्हती. बोल्टवरून कुणी सोडला ते कळतं, का सोडला ते कळत नाही.

म्हणून आम्ही माणिकनानांकडे गेलो. नाना गावातले सर्वांत जुने कलाकार. कंपनीला बाई कमी पडली की राणी, दासी, नायिकेची आई, सगळं नानांनी केलंय. आजही खांद्यावरचा टॉवेल पदरासारखा सावरतात. उन्हात बाजेवर बसून हरभरा सोलत होते. मी बोल्ट त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो पाहिला, आत्याला पाहिलं आणि सोललेला हरभरा आमच्यापुढे सरकवला.

त्यांनी सांगितलं ते असं. मंचापुढची जमीन ही सर्वांत स्वस्त जागा. कंपनीचा मालक मध्यंतरात पडद्याच्या भोकातून ती जमीन बघायचा. ती मोकळी दिसली की पुढच्या साली कंपनी हे गाव वगळून पुढे जायची. दौलत हे जाणून होता. पण तिकीट विकलं जातंय तोवर तो पत्र्याला हात लावत नसे. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, खिडकी बंद झाली, की मग मागे जाऊन चार नट सोडायचा आणि परत दारावर जाऊन उभा राहायचा. पाठ करून. दुसऱ्या दिवशी कंपनीने आणखी एक खेळ लावावा म्हणून.

तिसऱ्या घंटेनंतर. म्हणून राणी नेहमी बेशुद्धच सापडायची. मला काकांची तिन्ही नाटकं आठवली आणि मी हरभरा खाल्ला, कारण मला मोठ्याने हसायची सवय नाही.

आत्याने विचारलं, शेठना माहीत होतं का? नाना म्हणाले, शेठ काही बोलले न्हाईत, आन शेठ न बोलता राहणारा माणूस नव्हता. मग तिने विचारलं, इतकी वर्षं तुम्ही गावाला का नाही सांगितलं?

"कामून सांगू, सुमन? पोरं चोरून येत व्हती म्हणून शेवटपर्यंत बसत व्हती. या बसा म्हटलं असतं तर आली नसती. आन बुड्ढे झाल्यावर सांगायचं म्हटलं, तर त्यांच्यापाशी तेवढीच एक बहादुरी हाय."

परतताना देवळापाशी आल्यावर आत्याने विचारलं, तुझ्या बॅगेत पाना असतो का? माझ्या बॅगेत पाना असतो. लोक लिपस्टिक ठेवतात, मला काही म्हणायचं नाही.

उद्घाटन संध्याकाळी होतं. गाव लोटलं होतं. शेजारच्या गावांतून ट्रॅक्टर भरून लोक आले होते. लोकांनी स्टुलावर उभं राहून तिकिटं काढली. समितीचे सभासद फेटे बांधून मागच्या भिंतीशी रांगेत, बँड तयार. सत्कारमूर्ती म्हणून आत्याची खुर्ची मंचावर होती; ती मंचावर नव्हती. ती मागच्या भिंतीशी आतल्या बाजूला होती, साडी खोचून गुडघ्यांवर बसलेली, आणि चौथा नट आवळत होती. मी मोबाइलचा उजेड धरला होता. तिने आवळून झाल्यावर मला विचारलं, पुरे का? मी पाव फेरा अजून दिला. कामात अर्धवटपणा नको.

बँड सुरू झाला. बाहेरून व्यंकटकाकांनी पत्रा ढकलला. पत्रा हलला नाही. त्यांनी परत ढकलला. बाहेर आधी कुजबुज, मग सल्ले. खांदा लाव. लाथ घाल. लाथ नको, जुना हाय. दोघांनी मिळून जोर लावला. पत्रा नुसता धडधड वाजला आणि आतलं प्रेक्षागृह मागे वळून बघू लागलं. कुणीतरी म्हणालं, अरे तवा तर बोटानं उघडत व्हता. बँडवाले बिचारे तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होते. शेवटी एकाने हाक मारली, पहार आणा.

"पहारीनं उघडत न्हाई तो," आत्या आतून म्हणाली, आवाज वॉर्डातला, शेवटच्या खाटेपर्यंत जाणारा. "कधीच उघडत नव्हता. थांबा तिथंच. तिसरी घंटा व्हायचीय."

बँड थांबला. माणिकनाना मंचावर घंटेजवळ उभे होते. त्यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण नाना आयुष्यभर इशाऱ्यावर काम केलेला माणूस. त्यांनी पहिली घंटा दिली, दुसरी दिली, आणि तिसऱ्याआधी नाटकातल्यासारखा मोठा विराम घेतला.

तिसरी घंटा झाली. आत्याने चारही नट सोडले, पत्रा स्वतः आत ओढला आणि धरून ठेवला.

व्यंकटकाका आधी आले. रांगत आत आलं की माणसाची नजर बरोबर त्या खालच्या कडेपाशी येते. तिथे आत्याचा पसरलेला तळहात होता आणि तळहातावर चार नट. काका तसेच हातापायांवर थांबले. त्यांनी नट पाहिले, बोल्टची आतली टोकं पाहिली, मग मान वळवून बाहेरची गुळगुळीत डोकी पाहिली. शिक्षक माणूस, गणित सुटायला वेळ लागला नाही. मागून कुणीतरी ओरडत होतं, सरका की पुढं.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज. खिडकी बंद झाल्यावर," आत्या म्हणाली.

काकांनी एक नट उचलला आणि परत तिच्या तळहातावर ठेवला. फेटा तिरपा झाला होता. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "मंग आमच्या चड्ड्या कामून फाटल्या, सुमनताई?"

"ते तुमचं तुम्ही केलं. बाबांनी सांगितलं नव्हतं."

मागचे एकेक करून आले. प्रत्येकाला काकाच खाली वाकून नट दाखवत होते, आणि प्रत्येकाचा चेहरा आधी पडत होता आणि मग, का कोण जाणे, उजळत होता. एक जण तर परत बाहेर जाऊन डोकी चाचपून आला. ज्यांचे गुडघे बदललेले होते त्यांना आम्ही ओढून घेतलं.

प्रहसन रद्द करा, असं काका म्हणाले. नाना नाही म्हणाले. रंगलेला खेळ मोडायचा नसतो. त्यांनी पट्टीवाल्या बँक कर्मचाऱ्याला विंगेत नेऊन त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. प्रहसन जसंच्या तसं झालं. झोत चुकीच्या बाजूला, खांबाला तिकीट विचारणं, मागून पोरं आत. लोक पोट धरून हसले. शेवटी मंच रिकामा झाल्यावर दौलत एकटाच पुढे आला, पट्टी वर केली, पोरं गेली त्या बाजूला एकदा नीट बघितलं, पट्टी परत खाली ओढली आणि बॅटरी घेऊन चालू लागला.

मग टाळ्या सुरू झाल्या त्या समितीच्या रांगेतून. मी आत्याकडे पाहिलं. ती हसत होती, आणि चष्मा जागेवर होता.

सत्काराच्या भाषणात काकांनी तयार केलेला कागद खिशातून काढलाच नाही. ते एवढंच म्हणाले की दौलतरावांनी आपलं काम चोख केलं, आणि आम्हाला जन्मभर चोर म्हणून मिरवू दिलं, हे त्यांचे उपकार. आत्याने शाल घेतली. नंतर नाटक झालं. पहिला प्रवेश सुरू झाला तेव्हा समितीची अख्खी रांग पुढे झुकली होती. राणी चालत आली, शुद्धीत होती, आणि ती बेशुद्ध का पडते ते त्यांना पहिल्यांदाच कळणार होतं.

दुसऱ्या दिवशी लातूर. गंजगोलाईच्या बाजारात येसर घेतलं, एका गाडीवर निलंगा राइस खाल्ला: तिखट, तेलकट आणि नाव ठेवायला जागा नाही असा. लातूरहून पुण्याला बस आणि रेल्वे दोन्ही आहेत. आत्या स्टँडवरूनच नांदेडला परतली, तिकीट मुठीत.

घरी आल्यावर कामाला लागले, पण एक गोष्ट बाजूला पडली नाही. मी ज्या इमारतींची गणितं करते त्यांत माणसं आत कशी येतील आणि कशी बाहेर पडतील, एवढंच आम्ही बघतो. कुणाला आत यायचंय पण दारातून यायची लाज किंवा ऐपत नाही, याचं कलम माझ्या कुठल्याही नियमावलीत नाही. आजोबांनी ते चार बोल्ट उलटे लावून सोडवलं होतं. त्यांना न भेटलेली मी आता त्यांच्याबद्दल इतरांपेक्षा जास्त नक्की काहीतरी जाणते, आणि मला ते बरं वाटतं. आत्याचं तसं नाही. परवा फोनवर बाकीचं सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, पण मला तिकीट का लावलं, हे काही मला पटलेलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर हिवाळ्यात जा, खेळ कधी आहे ते आधी विचारून जा, आणि दारातून जा. स्टूल अजून आहे. भगदाडातूनही जाता येतं, पण त्यासाठी आत आपलं माणूस असावं लागतं.